तटावरचे दगडी घर

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्या नदीनेही आता आपली वाट बदलली आहे.

नदीकाठी एक नगर होते आणि नगराभोवती दगडी तट होता. पुराचे पाणी तटाला धडका देई आणि आत बायका निवांत भाकऱ्या थापत. नगराची एक रीत होती. दर उन्हाळ्यात घरटी एक माणूस हातोडी घेऊन तटाशी येई, सैल सांध्यांत दगडाच्या चिपा ठोकी आणि वरून चुना भरी. राजालाही यातून सुटका नव्हती.

या तटाला एक राखणदार होता. त्याने काय करावे? चक्क तटाच्या माथ्यावर स्वतःचे दगडी घर बांधले! लोकांनी तोंडात बोटे घातली. राजाला मात्र वाटले, तटावर राहील तो तट जिवापाड जपेल.

पुढच्या उन्हाळ्यात लोक हातोड्या घेऊन आले, तर राखणदार आडवा उभा. "इथं ठोकायचं नाही. माझ्या भिंतींना तडे जातील."

"अहो, पण तट..." एक म्हातारी कुंभारीण म्हणाली.

"माझ्या घराखालचा तट मला ठाऊक आहे. चला पुढं!"

आणि लोक मुकाट पुढे गेले. त्या वर्षी गेले, पुढच्याही वर्षी गेले. मला तर याचाच जास्त धक्का बसतो. एवढ्या हातोड्या हातांत, आणि कुंभारणीच्या त्या अर्ध्या वाक्यापलीकडे एकाच्याही तोंडून शब्द फुटू नये?

मग एका पुरात घराखालच्या दगडांतून पाणी उसळू लागले. राखणदाराची बायको ते पाहून आली, ती पांढरीफटक पडली होती.

"अहो, आत्ताच्या आत्ता घर उतरवा! त्याच दगडांनी भोक बुजवू."

"वेड लागलंय का तुला? एवढं देखणं घर! ओसरेल पाणी."

ती मुलांना घेऊन निघाली. दारे ठोठावत, "टेकडीवर चला!" असे ओरडत गेली. लोक हातातले टाकून पळाले. तिला परत आणायला राखणदार चिडून मागे धावला, म्हणून तोही वाचला.

टेकडीवरून वळून पाहतो तर काय! तट फुटला. घर उभेच्या उभे खाली बसले आणि दिसेनासे झाले. त्याच भगदाडातून नदी नगरात शिरली. कणग्या, गोठे, बाजार, सारे पाण्याखाली. कुणाला रडूसुद्धा फुटेना.

"माझं घर गेलं हो!" राखणदार किंचाळला.

सगळी टेकडी त्याच्याकडे बघत राहिली. बायकोने तर असे पाहिले, जणू हा माणूस तिच्या ओळखीचाच नव्हता.

"तुझं घर?" कुंभारीण म्हणाली. "लेका, खाली बघ. एकाचं तरी उरलंय का?"

त्याने पाहिले आणि तो मटकन खाली बसला. त्याला जवळ घ्यायला कुणीही पुढे आले नाही.

मुलांनो आणि मोठ्यांनो, जे सगळ्यांना राखते त्यावर एकाने हक्क सांगितला आणि बाकीचे गप्प बसले, तर बुडतात सगळेच.