पाटलाचा नवा दगड

फार फार वर्षांमागची गोष्ट. गळ्याशपथ, अगदी खरी. माझ्या डोळ्यांदेखत घडली. तेव्हा माझा जन्म व्हायचा होता, पण त्यानं काय बिघडतं?

नदीकाठी एक गाव होतं. पावसाळ्यात पाणी कुठवर चढलं, त्याची खूण दरसाल काठावरच्या उभ्या दगडावर कोरायची, ही तिथली रीत. पण गावाला पाटील मिळाले सगळे संशयी. आधीच्यानं खुणा मुद्दाम वर कोरल्या असणार, असं प्रत्येकाला वाटे. म्हणून नवा पाटील आला की जुना दगड उपटायचा, चावडीच्या पायरीला पालथा घालायचा आणि आपला कोरा दगड रोवायचा.

आपल्या गोष्टीतल्या पाटलाच्या दगडावर दोन-चारच खुणा होत्या, त्याही तळाशी. ते बघून त्यानं लेकीजावयासाठी काठावरच घर बांधायला घेतलं.

एक म्हातारी कासवीण डुलत आली. "पाटील, घर टेकाडावर बांधा. पाणी या दगडाच्या माथ्याएवढं चढलेलं पाहिलंय मी."

"कधी गं?"

"तुमचे आजोबा रांगत होते तेव्हा. त्याच्याआधीही एकदा."

पाटलानं डोळे बारीक केले. "तू अंडी कुठं घालतेस?"

"याच वाळूत."

"वाटलंच! जागा हवीय तुला."

"हवीच आहे. म्हणून काय पाणी खोटं होतं?"

लेक म्हणाली, "आबा, पायरीचे दगड उलटून तरी बघा."

"त्या लबाडांनी कोरलेले? नाव काढू नकोस."

घर उभं राहिलं, लेक राहायला आली. पुढचा पावसाळा कोरडाच गेला. पाटील काठावरून ओरडला, "काय कासवीणबाई, पाणी वाट चुकलं का?"

त्याच्या पुढच्या पावसाळ्यात नदी आली ती घर घेऊनच गेली. लेकजावई वाहत्या तुळईला धरून कसेबसे वाचले. अंगावरच्या कपड्यांखेरीज काही उरलं नाही.

पाणी ओसरल्यावर लेकीनं पायरीचे सगळे दगड उलटवले. त्यांतल्या दोन दगडांवर खूण पार माथ्याशी होती. तिनं ते सारे काठावर रांगेनं उभे केले. पाटलानं कासविणीपुढं पागोटं उतरवून माफी मागितली.

बोध एवढाच: ज्याच्याजवळ थोड्याच सालांच्या खुणा, त्यानं नदीबद्दल फार खात्रीनं बोलू नये.

आता कबूल करतो, यातलं एक मी रचलं. कासवीण बोलली, ते खरंच. माफी मात्र माझ्या पदरची. पाटील तिच्याकडे बघून एवढंच पुटपुटला होता, "पाणी हिनंच बोलावलं असणार."