खुर्चीची नाडी

“…मग तिलाच का मिळालं, सर? माझ्यात काय कमी होतं?”

मुजावर सरांनी चहाची बशी खाली ठेवली. 

सर म्हणजे मेडिकल कॉलेजात उभी हयात शिकवून निवृत्त झालेले डॉक्टर. क्लासेसच्या त्या गावात संध्याकाळी त्यांच्या व्हरांड्यात कुणीही येऊन बसावं, अडलेलं विचारावं. फी नव्हती, रंगीत जाहिरात नव्हती. त्यामुळे गर्दीही नव्हती.

आज तेजल बिराजदार एकटीच आली होती. मेडिकल प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत दुसऱ्यांदा हुकलेली. वडिलांनी फोनवर सांगून टाकलं होतं, “अजून एक साल घे. तेव्हाही हुकलीस तर मुकाट बीएस्सीला नाव घालायचं. डॉक्टरकीचा विषय पुन्हा काढायचा नाही.”

आणि येताना चौकात अंबिका दिसली होती. अंबिका स्वतः नव्हे, तिचा फोटो. क्लासच्या दुमजली इमारतीएवढ्या फलकावर, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून हसणारी. वर्षभर तेजलच्याच खोलीत राहिलेली, तिच्याच डब्यातलं जेवलेली अंबिका.

क्लासवाल्यांनी हुकलेल्यांचे फलक कधी लावले नाहीत. लावले असते तर त्या गावाला आभाळ दिसलं नसतं.

तेजलने त्या फोटोकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. रिक्षा वळेपर्यंत ती बघतच होती.

“माझे मार्क कुठे कमी पडतात तेवढं सांगा, सर. यंदा काहीही करीन.”

“गेल्या साली काय केलंस?”

“सगळं केलं. पहाटे उठून केमिस्ट्री. रोज. एक दिवस चुकवला नाही.”

“केमिस्ट्री कच्ची आहे तुझी?”

“नाही… केमिस्ट्री बरी आहे माझी. फिजिक्समध्ये मार खाते.”

“मग पहाटे केमिस्ट्री का?”

तेजलने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

“अंबिका करायची.”

“तिचं काय कच्चं होतं?”

…

“केमिस्ट्री.”

सर हसले नाहीत. हसले असते तर तिला बरं वाटलं असतं, उठून तरी जाता आलं असतं.

“म्हणजे दुखणं तिचं,” सर म्हणाले, “आणि औषध घेतलंस तू.”

तेजलच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ते दुःखाचं नव्हतं, संतापाचं होतं.

“तुम्हाला ती माहीत नाही, सर! वरवर गोड. ‘तेजू, झोप गं, डोळे बघ कसे झालेत.’ आणि आतून नुसती जळायची. टेस्टचा निकाल लागला की स्वतःच्या आधी माझे मार्क बघायची. मी दिवा मालवला की हिचा मालवणार. रात्रभर तळमळायची. छातीत धडधड व्हायची तिच्या, दुसरी पुढे जाईल म्हणून. मी एकाच खोलीत होते, मला कळत नव्हतं काय?”

“धडधड तुला ऐकू यायची?”

“कळतं की माणसाला!”

“बरं.” सरांनी सदऱ्याची बाही वर सारली आणि हात तिच्यापुढे धरला. “डॉक्टर व्हायचंय ना? बघ माझी नाडी.”

“आत्ता?”

“नाहीतर कधी, फलक लागल्यावर?”

तेजलने मनगट धरलं. अंगठा घट्ट दाबला. ठोका लगेच सापडला. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ती पुटपुटत मोजू लागली, आणि मोजता मोजता तिचा चेहरा बदलला.

“सर, फार जलद आहे. शंभराच्या वर. बरं नाही का तुम्हाला? घरात कुणाला हाक मारू?”

“मी नाडी मंद ठेवणारी हृदयाची गोळी घेतो, बेटा. किती वर्षं झाली, बसल्या जागी माझी नाडी सत्तरीला शिवलेली नाही.”

“पण लागतेय की! ही बघा ना…”

“अंगठा असाच ठेव.”

सरांनी आपलं मनगट अलगद सोडवून घेतलं. तिचा तोच अंगठा उचलून खुर्चीच्या हातावर टेकवला. जुनं सागवान, बसून बसून गुळगुळीत झालेलं.

“दाब. तसाच घट्ट. आता हिची मोज.”

“खुर्चीची?” तेजल रडता रडता हसली. “काय चेष्टा करता, सर.”

“मोज तर खरी.”

तिने दाबलं. नाइलाजाने, सरांचा मान राखायचा म्हणून.

हसू ओठांवरच थांबलं.

अंगठ्याखालचं लाकूड नाडीसारखं उडत होतं. तीच गती, तोच जोर. तिने अंगठा जरा सरकवून पाहिला. तिथेही उडत होतं. आणखी दाबला तर आणखी जोरात.

रस्त्यावरून पाठीला दप्तरं लावलेल्या मुलींचा घोळका गेला. एकीने दुसरीला मार्क विचारले. दुसरीने ऐकू न आल्यासारखं केलं.

तेजलने अंगठा उचलला. उलटा करून त्याच्याकडे बघत राहिली.

“अंगठ्याला स्वतःची नाडी असते,” सर म्हणाले. “म्हणून आम्ही दुसऱ्याची बघताना तो लावत नाही. बोटं लावतो.”

…

बशीतला चहा गार झाला होता. सरांनी तो तसाच पिऊन टाकला आणि बाही खाली ओढली.

“हं, आता पुन्हा सांग. अंबिका कशी आहे म्हणालीस?”