दगडी धक्का

"धक्का अजून किती लांब बांधू, बाबा?"

बाबलशेटांनी टेकायच्या आधीच विचारलं.

लतीफबाबा टेकडीवरच्या दर्ग्याच्या ओट्यावर लसूण सोलत होते. "बस तरी आधी. केवढा घामाघूम झालायस!"

बाबलशेट म्हणजे गावातले मोठे व्यापारी, पण बाबांपुढे अजून पोरच. माणूस मनाचा वाईट नव्हे हो. आपलं बंदर साऱ्या किनाऱ्यावर गाजावं, एवढाच ध्यास. त्यापायी बायकोचे दागिने मोडून दगडी धक्का बांधला. आणि यंदा गलबतंच कमी झाली!

"पलीकडच्या खाडीत नुसता चिखल आहे, बाबा. तरी गलबतांची रांग लागते तिथे. आपल्याकडे..."

बाबांनी खाली बोट दाखवलं. धक्क्याला एकच गलबत होतं.

"खजूर उतरवला ना त्यांनी? आता काय भरतायत?"

"...दगड."

"अरे वा! आपल्या दगडाला एवढी मागणी?"

"थट्टा करू नका. रिकामं गलबत लाटेवर कलंडतं, म्हणून पोटात दगड भरतात. तुम्हाला का ठाऊक नाही?"

"पूर्वी नव्हते भरत."

"पूर्वी माल असायचा. घाटावरचा गूळ, कापूस, मिरची... वंजारी बैलांवर लादून आणायचे."

"मग?"

शेट ओट्याची माती नखाने उकरू लागले.

"बैल शेण टाकायचे, बाबा. नव्या कोऱ्या धक्क्यावर! येणारे-जाणारे नाक दाबून जायचे. मी म्हटलं, गावच्या तळ्यावर तांडा उतरवायचा नाही. बैलांना पाणी पाजायचं नाही. एवढंच तर म्हटलं..."

"हं."

"पुढच्या खेपेला ते आलेच नाहीत."

बाबांनी लसणाची सालं फुंकरीने उडवली.

"आता सांगा ना. पन्नास हात अजून वाढवू? की दिवा लावू वर?"

बाबा उठले. काठी घेतली, शेटांच्या पाठीवरून हात फिरवला. मग समुद्राकडे पाठ करून, वंजारी यायचे त्या घाटाच्या पायवाटेने चालू लागले.

शेट धावतच मागे गेले. "अहो बाबा! भर उन्हात निघालात कुठे?"

"तुझं बंदर बघायला. हात दे रे, चढाला दम लागतो."