घास कुणाचा?

एकदा एका वैद्याच्या शिष्येचं मूल जेवेनासं झालं. गावात याहून मोठी नाचक्की नव्हती. दुसऱ्यांना पथ्य सांगणारी ही बाई, आणि हिचाच अडीच वर्षांचा दत्तू भात पाहिला की ओठ शिवल्यासारखे मिटून घ्यायचा. दूध चाले, गूळ चाले, भाकरीचा पापुद्रा कधीमधी चाले. वरण, भाजी, खिमट, सांजा, सगळं थू.

उपदेशाला मात्र तोटा नव्हता. "आमच्या वेळी पोरं दगड पचवायची," सासू म्हणे. "दृष्ट काढ," शेजारीण सांगे. "लाडावून ठेवलाय," सासरे पाटावरून बोलत, आणि बोलून झालं की आपलं गरम ताट गरम असतानाच संपवत. वडीलधाऱ्यांचं हे एक बरं असतं. त्यांना जे जे आठवतं, ते त्यांनी स्वतः केलेलं असायलाच हवं असं नाही.

शिष्या मुलाला कडेवर घेऊन अंगणात फिरे. "हा घास चिऊचा. हा काऊचा. हा आजीचा, हा आजोबांचा..." एका वाटीला दोन तास. मग तिचं जेवण: दत्तूचं उष्टं, थंडगार, उभ्यानंच.

एके दिवशी दत्तूनं वाटी उडवली आणि तिचा हात उठला. गालावर चार बोटं उमटली. तेव्हापासून वाटी दिसली की पोर तिच्यापासूनच लपू लागलं.

तिसऱ्या दिवशी ती गुरूंकडे गेली. "गुरुजी, भूक लागेल असं एखादं चाटण द्या. नाहीतर माझा हात बांधून ठेवा. पोर मला भ्यायला लागलंय."

वैद्यबुवा थकलेले. कंपानं त्यांचा उजवा हात सारखा थरथरे. त्यांनी एवढंच विचारलं, "तू जेवलीस?"

"कालपासून नाही."

त्यांनी ताट मागवलं. ऊन भाकरी, वांग्याचं भरीत. तिनं हात पुढे केला, तोच बुवांनी ताट आपल्याकडे ओढलं आणि थरथरत्या बोटांनी घास तिच्या तोंडाशी नेला.

"हा घास चिऊचा."

म्हातारा चळला, असं तिच्या मनात आलं. पण गुरूच ते. तिनं तोंड उघडलं.

"हा काऊचा. हा तुझ्या सासूचा, मोठा आ कर. हा सासऱ्यांचा. गिळ, गिळ, शेजारीण थांबलीय."

तोंडातला घास संपेना, पुढचा दारात उभा. भरीत हनुवटीवर ओघळलं. "शहाणी ना तू? एवढा एकच." तिचे दात आपोआप आवळले गेले, मान वळली, आणि हाताच्या फटक्यानं घास जमिनीवर पडला. स्वतःचाच हात ती पाहत राहिली.

"भूक मेली?" बुवांनी विचारलं.

"नाही."

"पोरी, चिऊचा झाला, काऊचा झाला, सासूचा झाला. यात तुझा घास कुठला होता? दत्तूचा कुठला असतो? सगळं गाव त्याच्या तोंडून जेवतं, तो सोडून. त्याच्यापाशी स्वतःचं असं एकच आहे, मिटलेले ओठ. तेही आपण उचकटायला निघतो. ताटात काय वाढायचं ते तू ठरव. त्यातलं किती खायचं, ते त्याला ठरवू दे."

दोन दिवसांचा शीण तिच्या जिभेवर आला. "हे तुम्ही आपल्या मुलांना भरवताना शिकलात?"

बुवांनी ताट बाजूला सारलं. "एकालाही भरवलं नाही. मी ओसरीवर बसून आहारविचार शिकवत होतो. आत त्यांची आई चिऊकाऊ करत होती. मला हे गेल्या हिवाळ्यात कळलं. हात असा झाला, सून भरवू लागली. 'हा घास नातवाचा, मामंजी.' चौथ्या दिवशी मीच वाटी उडवली."

"मग?"

"आता माझं मी खातो. अर्धं सांडतं. ती पुसते. बोलत नाही."

घरी येऊन तिनं दोन ताटं वाढली, एक लहान, एक मोठं, आणि मोठ्यासमोर स्वतः बसली.

"अगं, चिऊचा घास कुठाय?" सासूनं विचारलं.

"चिऊ जेवून आलीय, आत्याबाई."

दत्तू दाराआड होता. बऱ्याच वेळानं आला. त्यानं वरणात बोट बुडवलं, भात जमिनीवर थापला, थोडा केसांना लावला. मग भिंतीकडे पाहत चार शितं तोंडात टाकली.

"दत्तूचा," तो म्हणाला.

दुसरा घास मात्र थू. सवयीनं तिचा हात पुढे झाला. पोर दचकलं. हात वाटेतच वळला, आणि तिनं आपल्या ताटातला घास उचलला.

भाकरी अजून ऊन होती.