कड्यावरचे शेवटचे शब्द

तुळजा हेर होती. अंगात वारं येणाऱ्या बाईचं सोंग घेऊन ती शत्रूच्या गडावर शिरली, तटाची कच्ची बाजू हेरली आणि उतरायला निघाली. तोच किल्लेदार रंगरावानं तिला धरून सदरेवर आणलं. भर दुपारी धुकं इतकं दाटलं होतं, की जवळची माणसंही सावल्यांसारखी दिसत होती.

"मेलेली माणसं तुझ्या तोंडून बोलतात म्हणे," किल्लेदार म्हणाला. "माझी बायको पाय घसरून कड्यावरून पडली. तिचे शेवटचे शब्द सांग. चुकलीस, तर तुलाही ढकलून देईन."

'तुलाही' ऐकताच तुळजा सावध झाली. तिनं केस मोकळे सोडले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "सांगते, धनी. पडताना ओरडले ते सांगू, की तुम्ही पाठीला हात लावलात तेव्हा बोलले ते?"

किल्लेदार दोन पावलं मागं सरकला.

"हिला गडाखाली सोडून या," तो कसाबसा म्हणाला. "आत्ताच्या आत्ता."

वाट उतरताना मात्र तुळजा मध्येच थबकली. आजवर तिनं कितीतरी आवाज काढले होते, पण सदरेवर तिच्या तोंडून निघालेला तो घोगरा आवाज ती कधीच शिकली नव्हती.