ओढ्यावरची गाठ

"...पण मग त्यालाच का, सर? मला का नाही?"

गवतात मांडी घालून बसलेल्या भिसे मास्तरांनी ब्रश डब्यात बुडवला. कडेला निथळला. पाटीवरच्या 'स्वागत' शब्दातला काना वरून खाली ओढला. हात जराही हलला नाही.

म्हातारी माणसं असंच करतात. प्रश्न अडचणीचा आला की हातातलं काम एकदम महत्त्वाचं होतं. लोक त्याला शांतपणा म्हणतात.

पाटणच्या वरच्या पठारावर स्काउट पथकाचं शिबिर होतं. माळावर तंबू, खाली ओढा, वर पवनचक्क्या. शिबिराचा शेवटचा दिवस. सकाळी ध्वजवंदन झाल्यावर मास्तरांनी पथकनायकाची शिटी दिगंबर झोरेच्या गळ्यात घातली होती. ज्याच्या गळ्यात शिटी, तो वर्षभर पथकाच्या पुढं चालणार. जांबोरीला, स्काउटांच्या मोठ्या मेळाव्याला, झेंडा तोच धरणार.

सुयोग शेलारला वाटत होतं, शिटी आपलीच. खरं तर सगळ्यांनाच तसं वाटत होतं. म्हणून तर जास्त लागलं.

आता त्याची सॅक पाठीवर होती. दुपारची एसटी फाट्यावर थांबते. ती धरायची आणि पथक सोडायचं, हे त्याचं ठरलं होतं. फक्त एवढं विचारायला तो मास्तरांसमोर उभा राहिला होता.

"निघालास?"

"हो."

"कायमचा?"

"हो. उत्तर मिळालं नाही तर."

"आणि मिळालं तर?"

सुयोगनं विचार केला. "तरी."

"मग उत्तराचं काय लोणचं घालणार आहेस?"

"दिगूला गाठी मी शिकवल्या," तो म्हणाला. "मी, सर. दोराचं टोक कुठल्या हातात धरायचं, तेसुद्धा त्याला कळत नव्हतं."

"हं."

"परवा वाट शोधायला पुढं गेला आणि सगळ्यांना घेऊन हरवला. करवंदीच्या जाळीत घुसवलं पोरांना. मी होतो म्हणून परत आलो. आणि शेकोटीला सगळे काय म्हणाले? शिबिरातली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे आपण हरवलो ती. वर टाळ्या! हरवल्याबद्दल टाळ्या, सर!"

मास्तरांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

"हसू नका."

"हसत नाही."

"खिचडी करपवली त्यानं. पोरांनी पातेल्याचं बूड खरवडून खाल्लं. भांडून खाल्लं! आदल्या दिवशी भात मी केला होता. शीत न शीत मोकळं. एकानं तरी नाव काढलं?"

"मीठ बरोबर पडलं होतं," मास्तर म्हणाले.

"आत्ता सांगताय?"

मास्तरांनी पिवळा डबा उघडला. लाल अक्षराला पिवळी सावली द्यायला लागले.

सुयोग बोलतच राहिला. दिगूच्या उजव्या बुटाची नाडी कायम सुटलेली असते. स्कार्फ वाकडा असतो. सॅल्यूट करताना त्याचा अंगठा करंगळीवर नीट बसत नाही. झोपेत बडबडतो. जेवताना आधी भाजी संपवतो, मग कोरडी भाकरी खात बसतो. बारकी पोरं दंगा करायला लागली की त्यांना गप्प करायचं सोडून स्वतः त्यांच्यात जाऊन बसतो.

"आणि तीच पोरं मला बघितलं की गप्प होतात. लगेच. मला बघून गप्प, आणि त्याला बघून..."

तो थांबला.

"एवढं तर त्याच्या आईनंसुद्धा बघितलं नसेल," मास्तर म्हणाले.

सुयोगचे कान लाल झाले.

राग आला की माणूस शेवटी राखून ठेवलेलं काढतो. त्यानंही काढलं.

"आणि पूल?"

"पुलाचं काय?"

ओढ्यावर दिगूच्या संघानं दोरीचा पूल बांधला होता. खाली पाय ठेवायला एक जाड दोर, वर हातानं धरायला दुसरा. दोन झाडांमध्ये ताणलेले. दुपारी जिल्ह्याचे स्काउट आयुक्त घोरपडे साहेब यायचे होते. आणि भिसे मास्तरांच्या शिबिरात फीत कापत नाहीत. पाहुण्यानं पुलावरून पहिलं चालायचं, हेच उद्घाटन. तोवर एकाही पोरानं दोराला पाय लावायचा नाही. ही मास्तरांची जुनी रीत, आणि तिचा त्यांना अभिमान.

"हाताचा दोर आखूड पडला म्हणून त्याला जोड दिलाय," सुयोग म्हणाला. "त्या जोडाची गाठ उलटी पडलीय. उजवं टोक डाव्यावरून घेतलं की पुढच्या वेळी डावं उजव्यावरून घ्यायचं. त्यानं दोन्ही वेळा उजवंच घेतलंय. लांबून गाठ तशीच दिसते. पण वजन आलं की सरकणार."

मास्तरांचा ब्रश थांबला.

"कधी बघितलीस?"

"सकाळी. तुम्ही शिटी दिल्यावर."

"सोडून नीट बांधली नाहीस?"

"पथकनायक तो आहे. त्यानं बघावं."

"त्याला सांगितलंस?"

"नाही."

"का?"

"तुम्हाला माहितीय का ते."

"तू सांग."

सुयोगनं मान वर केली. "पडू दे म्हटलं साहेबांना. सगळ्यांसमोर. कळू दे, शिटी कुणाला दिलीय ते."

ओढ्यात पाणी कमरेएवढंच होतं. खाली मात्र गोटे होते, डोक्याएवढे.

सुयोग बोलणी खायच्या तयारीत उभा राहिला. मत्सर, संस्कार, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती... वडीलधाऱ्यांकडं अशा वेळेसाठी शब्दांचं पोतं भरलेलंच असतं. तोंड सोडायचा अवकाश.

"मी काल संध्याकाळी बघितली," मास्तर म्हणाले.

"काय?"

"ती गाठ."

वर पवनचक्कीचं पातं घूं करून गेलं. मग दुसरं.

"तुम्ही बघितली? आणि... तशीच ठेवली?"

"हं."

"का?"

मास्तरांची नजर पाटीवर गेली, आणि सुयोगनं ती पाटी पहिल्यांदाच नीट बघितली.

'स्वागत' हातभर मोठं होतं. लाल अक्षरं, पिवळी सावली, वर वेलबुट्टी. भिसे मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे, ते उगाच नाही. त्याच्याखाली एका कोपऱ्यात आयुक्तांचं नाव होतं. ते वाचायला वाकावं लागत होतं.

सुयोग वाकला. वाचलं. सरळ झाला.

"सर, साहेबांचं नाव मुंगीएवढं काढलंय."

"जागा उरली नाही."

"अख्खी पाटी मोकळी आहे की!"

मास्तरांनी ब्रश फडक्याला पुसला. पुसून झाल्यावरही पुसत राहिले.

"त्याला गाठी मी शिकवल्या," ते म्हणाले.

घोरपडे हा त्यांच्याच पथकातला पोरगा. आयुक्त नेमायची वेळ आली तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं, भिसेच. नेमणूक झाली घोरपडेची. तेव्हापासून दर शिबिरात भिसे मास्तर त्याला हार घालतात, हात मिळवतात, फोटोत त्याच्या डाव्या बाजूला उभे राहतात. आणि हेच मास्तर दर शिबिरात पोरांकडून म्हणून घेतात की प्रत्येक स्काउट दुसऱ्या स्काउटचा बंधू असतो. मोठ्यानं. एका सुरात.

"दरवेळी नवेकोरे पांढरे बूट घालून येतो," मास्तर म्हणाले. "माळावर. शिबिराला. पांढरे."

"म्हणजे ते पाण्यात पडावेत म्हणून तुम्ही..."

"बूट भिजावेत, एवढंच डोक्यात होतं."

"खाली गोटे आहेत, सर."

"ते तुला आठवले होते?"

सुयोग एकदम म्हणाला, "तुम्ही माझ्यापेक्षा वाईट आहात."

"वयानं मोठा आहे ना."

हसलं कुणीच नाही.

खरं तर इथं सुयोगनं निघायला हवं होतं. एका अर्थी त्याला उत्तर मिळालं होतं. ज्याच्याकडून शिटी मिळाली नाही म्हणून छाती जळत होती, तो माणूस हा असा होता. पाटीवर शत्रूचं नाव बारीक काढणारा. अशा माणसाची शिटी नाही मिळाली तर काय बिघडलं?

तो वळलासुद्धा. दोन पावलं गेला.

पण जळणं थांबेना. उलट वाढलं. पांढऱ्या केसांपर्यंत हे असंच राहतं की काय, या विचारानं तो तिथंच थांबला.

तेवढ्यात खाली ओढ्याकडं ओरडा झाला. मग धप्पकन आवाज. पाणी उडाल्याचा.

दोघं जागच्या जागी थिजले.

खालून काहीच ऐकू येईना.

सुयोगनं मास्तरांकडं बघितलं. मास्तरांनी सुयोगकडं. दोघांची तोंडं एकाच रंगाची झाली होती.

मग कुणीतरी खोकलं. आणि शिटी वाजली. शिटीत पाणी गेलं होतं, त्यामुळं नुसतीच फुरफुरली.

"पडलो!" दिगूचा आवाज आला. "पडलो रे पडलो! कुणी येऊ नका पुलावर! कोपर सोलवटलं माझं!"

"दिगूदादा, तुझी टोपी चालली बघ!" बारकी पोरं खिदळायला लागली.

"जाऊ दे टोपी! तो दोर धरा आधी! साहेबांच्या आधी म्हटलं आपण वजन देऊन बघावं, तर ही गंमत!" मग हाताचा भोंगा करून तो माळाकडं ओरडला, "ए सुयोग्या! गाठ चुकली रे माझी! ये की, मला जमंना! आणि सरांना पण घेऊन ये, साहेब यायच्या आत बांधू या!"

मास्तर हळूच म्हणाले, "पाहुण्याच्या आधी दोराला पाय लावायचा नाही, असं मी बजावलं होतं."

"त्यानं ऐकलं नाही."

"नाही ऐकलं..."

"ए सुयोग्याऽऽ! मेलास का? मला येत नाही ही गाठ!"

सुयोगच्या मुठी वळल्या. "सगळ्यांसमोर ओरडतोय, सर. येत नाही म्हणून. पथकनायक झाल्याला अर्धा दिवस नाही झाला. लाज कशी वाटत नाही याला?"

त्याच्या आवाजात राग होता. पण रागापेक्षा जास्त दुसरं काहीतरी होतं. भुकेल्या माणसानं दुसऱ्याच्या ताटाकडं बघावं, तसं.

फाट्याकडून एसटीचा हॉर्न ऐकू आला. सुयोगनं तिकडं बघितलं. मग ओढ्याकडं. सॅकचे पट्टे खांद्यावरून ओढून काढले, सॅक गवतात टाकली आणि उताराकडं पळत सुटला.

"थांब."

तो थांबला. मागं वळून बघितलं.

मास्तरांनी पाटी बाजूला सरकवली होती. मांडी सोडली होती. दोन्ही तळवे जमिनीवर टेकून त्यांनी जोर लावला. कंबर वर आली, खाली बसली. परत जोर लावला. परत बसले. कपाळावर घाम आला. आजवर पथकातल्या कुणीही त्यांना बसल्या जागेवरून उठताना बघितलं नव्हतं. उठायच्या आधी ते पोरांना कसल्या तरी कामाला पाठवून द्यायचे.

त्यांनी डावा हात वर केला. रंगानं लाल-पिवळा झालेला.

"सुयोग... हात दे रे. मला उठता येईना."