राजाचं घर आणि निवलेला भात

गोष्टी सांगायला मी काय देवळातला पुराणिक आहे का? पण पुतण्याला घर घ्यायचंय, बाजार पडलाय, आणि आता घेऊ की थांबू म्हणून तो रोज माझं डोकं खातो. एकदाच सांगतो. मधे बोलायचं नाही.

झुंबरराव राजाला स्वतःचं घर नव्हतं. राजवाडा होता तो सासूचा. हा घरजावई. जेवताना सासू रोज म्हणायची, "पोटभर जेवा जावईबापू. घर आमचंच आहे." राजा अर्ध्या जेवणातूनच उठायचा.

अशात राज्यात मंदी आली. अशी आली की चोरसुद्धा रात्रीचे झोपायला लागले. वेशीजवळ रंगू गवंड्यानं विकायला एक घर बांधलं होतं. चार खोल्या, पुढं ऐसपैस ओटा. जवळचं होतं नव्हतं ते सगळं त्यात घातलेलं. राजा म्हणाला, "हे मीच घेणार. पण भाव तळाला गेल्यावर."

झालं! राजा थांबलाय म्हणजे त्याला काहीतरी ठाऊक असणार, म्हणून अख्खं गाव थांबलं. घरांचे भाव रोज उतरायचे आणि राजा रोज खूश व्हायचा.

दिवाण म्हणाला, "मंगळवारी घ्या, तळ तोच." बुधवारी भाव आणखी उतरला. राजानं दिवाणाची अर्धी मिशी उतरवली. जोशीबुवांनी अमावस्या सांगितली. त्यांचीही अर्धी गेली. होता होता सगळा दरबार अर्ध्या मिशीचा झाला. सेनापती तर शत्रूसमोर आडवाच उभा राहायचा, मिशीची बाजू पुढं करून.

शेवटी राजानं रंगूला बोलावलं. "तळाचा दिवस तू सांग." रंगूला मिशीच नव्हती, म्हणून राजा म्हणाला, "चुकलास तर घर फुकट घेईन."

रंगू घरी येऊन भिंतीला टेकून बसला. त्याची पोरगी ठकू म्हणाली, "बाबा, राजाला सांगा, दिवस माझी पोरगी सांगेल. पण आधी नव्या घरी जेवायला या म्हणावं. दरबारासकट."

दुसऱ्या दिवशी ओट्यावर पंगत बसली. वाफाळता भात, वरण, वर तुपाची धार. राजानं घास घेतल्याशिवाय कुणी पानाला हात लावायचा नाही, ही रीत. राजानं हात पुढं केला.

"थांबा महाराज," ठकू म्हणाली. "गरम आहे. निवू द्या."

जरा निवला. राजानं पुन्हा हात उचलला.

"अजून निवतोय, महाराज. घाई कशाला?"

राजाला पटलं. थांबायची सवयच लागली होती. तूप थिजलं. माश्या आल्या. जोशीबुवांचं पोट मंत्र म्हणायला लागलं, सेनापतीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण कुणी पानाला हात लावेना.

"पोरी," राजा कळवळून म्हणाला, "आता तरी पुरता निवला का?"

"नाही. तुम्ही हात आखडून बसाल तोवर निवतच राहणार."

"मग खायचा कधी?"

"भूक लागली की."

"भूक कधीची लागलीय!"

"मग वाट कुणाची बघताय? ही सगळी माणसं तुमच्या हाताकडे बघताहेत, आणि तुम्ही त्यांच्या पानांकडे."

दिवाण घर फुकट लिहून घ्यायचा कागद घेऊनच आला होता. म्हणाला, "ते राहू दे. तळाचा दिवस सांग."

"सोपा आहे. महाराज घर घेतील त्याच्या आधीचा दिवस. त्यांनी घेतलं की गावही घेणार, मग भाव चढणारच. महाराज, तुमचा दिवस सांगा, लगेच माझा सांगते."

राजा म्हणाला, "समज, आज घेतलं?"

"तर तळ काल होता."

"आणि उद्या घेतलं?"

"तर आज. पण मग रात्री जेवायला सासूबाईंकडे जावं लागेल."

राजा असा हसला की पत्रावळी उडाल्या. रंगूनं सांगितला त्याच भावानं घर घेतलं, हातातलं सोन्याचं कडं काढून ठकूला दिलं, आणि त्या घरात पहिलं पान कायम तिचं, असं जाहीर केलं. संध्याकाळपर्यंत निम्म्या गावानं घरं घेतली. दिवाणानं दोन.

मग पंगतीला ताजा भात वाढला. गरम. तिथं राजाला गरम भाताची किंमत कळली, पण इकडे स्वतःच्या लेकीच्या लग्नात मला गार भात वाढून, वर "म्हाताऱ्याला काय कळतंय" म्हणणाऱ्यानं माफी अजून मागितलेली नाही. शेजारच्या बाबू शेलारानं.